फेट्यानंतरचा उपदेश

मोठ्या माणसाला चार शब्द सुनावायचे असतील तर आधी सुनावावेत, सत्कार मागून करावा. संकेश्वरच्या अलीकडच्या त्या गावात चर्चच्या वर्धापनदिनाला नेमकं उलटं झालं.

पंचायतीचे अध्यक्ष मारुतीराव. त्यांच्या शेतात तीन विहिरी. तरी ऐन उन्हाळ्यात त्यांनी ख्रिस्ती गल्लीच्या एकुलत्या एका बोअरची मोटर काढली, दुरुस्तीला नेलीय म्हणून सांगितलं आणि आपल्या उसाला बसवली. मोटर तिकडं दिवसाढवळ्या चालायची आणि गल्लीतल्या बायका हायवेवरच्या ढाब्यातून घागरी वाहायच्या. विचारायला गेलेल्या गल्लीतल्या जयाबाईला अध्यक्षांनी चहा पाजला आणि वाटेला लावलं.

गल्लीतल्या चर्चचे पाळक म्हणजे जयाबाईचा धाकटा भाऊ किशन. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवला, लोकांच्या रानात भांगलणी करून शिकवला.

"आक्का, भांडून काय व्हतंय?" तो म्हणाला होता. "अध्यक्षास्नी पावणं म्हणून बोलवूया. मी दावीद राजाची गोष्ट सांगतो. राजानं दुसऱ्याचं हिसकावलं, तवा संदेष्ट्यानं त्याला असल्याच एका मानसाची गोष्ट सांगितली, आन राजा भडकल्यावर तोंडावर सांगितलं न्हवं का, त्यो मानूस तूच म्हणून? मीबी तसंच सांगतो, समद्यांम्होरं. मग मोटर द्यावीच लागंल."

एवढ्या छातीचा भाऊ आपण वाढवला, याचा जयाबाईला त्या दिवशी लई अभिमान वाटला.

कार्यक्रमाला मारुतीराव आले. त्यांना शाल दिली, नारळ दिला, डोक्याला फेटा बांधला. फेट्याखालचा माणूस बोलू लागला, "तुमच्या कबरस्तानाला कंपाउंड बांधून देतो. पाळकांच्या घरालाबी स्लॅब टाकूया." टाळ्या पडल्या. किशननंही वाजवल्या. मेलेल्यांना कंपाउंड आणि जिवंतांना घोटभर पाणी नाही, पण टाळ्यांना काही तोटा नव्हता.

मग किशन उपदेशाला उभा राहिला. गोष्ट मात्र त्यानं झकास सांगितली. एका श्रीमंताकडं मेंढरांचे कळप, शेजारच्या गरिबाकडं एकच कोकरू, लेकीसारखं वाढवलेलं. दारी पाहुणा आला तर श्रीमंतानं आपल्या कळपाला हात लावला नाही, गरिबाचं कोकरू ओढून नेलं आणि कापलं. ऐकता ऐकता मारुतीराव खुर्चीत पुढं सरकले.

"असल्याला झोडपून काढाय पायजे!" ते बसल्या जागेवरून गरजले. संदेष्ट्याकडून हीच गोष्ट ऐकून दावीद राजाही असाच भडकला होता. जयाबाईनं पदर मुठीत घट्ट धरला. आता किशननं नुसतं वळायचं आणि बोलायचं.

किशन वळला. फेट्याकडं बघितलं, कपाळाचा घाम पुसला, आणि परत मंडळीकडं तोंड करून म्हणाला, "प्रियांनो, तो माणूस आपल्या प्रत्येकाच्या मनात दडलेला आहे. आपण सगळे नम्र होऊ या."

आपल्या प्रत्येकाच्या! म्हणजे पाणी वाहून कंबर धरलेल्या नागुबाईच्यासुद्धा! जयाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. अध्यक्ष चोर होता हे तिला ठाऊकच होतं. भाऊ असा निघाला याचं तिला रडू येत होतं. ती उठली.

"अण्णा, त्यो मानूस तुमीच! आमची मोटर तुमच्या उसात हाय!"

मारुतीरावांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते किशनकडं बघत राहिले.

"आक्का, बस गं खाली," किशन माइकवरूनच म्हणाला, आणि लगेच, "मंडळी, उभं राहून स्तुतिगीत गाऊ या."

पेटी वाजली. सगळी मंडळी उभी राहिली. जयाबाई ओरडतच होती, पण गाण्यात तिचं कुणाला ऐकू जाणार, आणि सगळेच उभे राहिल्यावर एक बाई का उभी आहे, हे तरी कुणाला कळणार? तिनं आधाराला शेजारच्या नागुबाईचा हात धरला. नागुबाईनं तो हळूच सोडवून घेतला आणि डोळे मिटून आणखी मोठ्यांदा गाऊ लागली.