कोशाच्या कपाटाचे माप

मंडळाने कोश बंद केला, पण तसे लिहिले नाही. पत्रातले वाक्य असे होते : 'सदर संकलनकार्य पूर्णत्वास पोहोचले असल्याचे मानण्यात यावे.' सुतार, लोहार, गवंडी, शिंपी, कुंभार यांच्या तोंडचे शब्द माझ्या थोरल्या बहिणीने एकतीस वर्षे त्यांच्या दारात बसून टिपले आणि त्यांची चाळीस हजारांवर कार्डे केली. ते काम संपले की नाही, हे एका क्रियापदाने परस्पर ठरवून टाकले. कोणी मानावे, हे वाक्यात कुठेच नव्हते. असल्या वाक्यांना कर्ता नसतो. असता तर त्याला जाब विचारता आला असता. पत्रामागोमाग कार्डे आली. पोत्यांतून. सत्तावीस पोती, आणि अक्षरानुक्रमाचा मागमूस नाही.

मी त्या पत्राला चौदा पानी उत्तर लिहिले. तळटीपा वेगळ्या. पोच आली : आपले पत्र मिळाले.

ताईने एक ओळसुद्धा लिहिली नाही. तिने जेवणाचे टेबल मोकळे केले आणि पहिले पोते त्यावर उपडे केले. पुढचे आठ महिने आम्ही दोघे भावंडे मांडीवर ताट घेऊन जेवलो. मी कार्ड वाचता वाचता मंडळाच्या सदस्यांचा उद्धार करी आणि ती मान वर न करता म्हणे, "पंडित, हात चालव. तोंड नंतर चालव." मला पंडित म्हणायची तिची सवय मी आठ वर्षांचा असल्यापासूनची आहे. तेव्हा ते कौतुक होते की टोमणा, हे मला अजून कळलेले नाही.

कार्डे लागली. बुटांचे खोके, बिस्किटांचे डबे, औषधांची पुठ्ठ्याची खोकी, जे हाती आले त्यात भरून तिच्या खाटेखाली गेली. सत्त्याहत्तर वर्षांची बाई एखादा शब्द पाहायचा म्हणून जमिनीवर बसते, कोपरापर्यंत हात घालून खोके ओढते आणि उठताना खाटेची कड धरून थोडा वेळ तशीच थांबते, हे मी दारातून पाहत होतो. एक दिवस जाहीर करून टाकले, की कपाट करून घ्यायचे. खणांचे, प्रत्येक खणाला अक्षराची पट्टी, पितळी कडी. मंडळाने ज्याची रद्दी केली, त्याला घरात तरी मान मिळावा, एवढेच माझ्या मनात होते. ताई म्हणाली, पितळेला पुसणार कोण? पण तिचा चेहरा खुलला होता.

सुताराला बोलवायच्या आधी मी तीन आठवडे तयारी केली. प्रत्येक अक्षराची कार्डे उभी लावली, अंगठ्याने घट्ट दाबली आणि जाडी मिलिमीटरमध्ये मोजली. 'क'ने अपेक्षेप्रमाणे सर्वांत जास्त जागा खाल्ली. 'प' आणि 'स' यांच्यात अर्ध्या बोटाचा फरक निघाला, तो मी दोनदा तपासला. मग खणांची लांबी अशी बसवली, की प्रत्येक अक्षर आपापल्या खणात काठोकाठ मावेल आणि कोठेही तसूभर जागा फुकट जाणार नाही. एकूण सव्वीस खण. ताईच्या खोलीतल्या खिडकीशेजारच्या भिंतीवर कपाट असे बसत होते, की जणू भिंत त्याच्यासाठीच बांधली होती. आराखडा पाहून मला स्वतःचाच हेवा वाटला.

ताईने तो मुद्रिते तपासावीत तसा, ओळीखाली बोट ठेवून वाचला. शेवटी विचारले, "'ळ'ला खण नाही?"

"'ळ'ने सुरू होणारा शब्दच नाही."

"मिळाला नाही, असं म्हण."

मी हसलो. ती हसली नाही. कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि चहा ठेवायला गेली. त्या दिवसापासून कपाटाचा विषय तिने काढला नाही. मी समजलो, की खर्चाचा संकोच असेल. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ग्रंथांतले गर्भितार्थ शोधून पोट भरणाऱ्या माणसाची घरातली समज ही एवढी.

सुतार ठरल्या दिवशी सकाळी आला. माझ्यासारखाच साठी ओलांडलेला, कमी बोलणारा. मी आराखडा पुढे केला. त्याने तो आदराने पाहिला, आदरानेच खाटेवर ठेवला आणि पिशवीतून एक हातभर लांब, कोरी लाकडी पट्टी काढली. तिच्यावर आकडे नव्हते. मी मोजपट्टी देऊ केली, ती त्याने नाकारली. त्याचे म्हणणे असे, की आकडा एका तोंडातून दुसऱ्या कानात जाताना बदलतो. म्हणून तो वस्तूच पट्टीला लावतो आणि खूण करतो, आणि कारखान्यात त्या खुणेवरच लाकूड कापतो. माझे तीन आठवड्यांचे मिलिमीटर खाटेवर पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होते.

एवढ्यात ताईने डब्यातून कोरे कार्ड काढले आणि त्याच्याजवळ खुर्ची ओढली. या पट्टीला तुम्ही काय म्हणता? तुमचे वडील काय म्हणत? खूण करायला पेन्सिल नसली तर? सुतार आधी लाजला. मग खुलला. पाच मिनिटांत तो कारखान्यातली भांडणे सांगू लागला आणि तिने तीन कार्डे लिहिली. तिचे अक्षर आता थोडे कापते, पण शब्दाच्या उजवीकडे सांगणाऱ्याचा धंदा आणि तारीख घालायला ती चुकली नाही. मी मात्र मनात चरफडत होतो. मोजणी पुरी झाल्यावर कार्डे वाढवायची म्हणजे काय! 'प'च्या खणात आता एक कार्डसुद्धा जाणार नव्हते.

नेमके तेच सुताराच्या ध्यानात आले. 'क'चे खोके त्याने पट्टीला लावले, माझ्या कागदावर नजर टाकली आणि विचारले, "सर, खणात जागा किती सोडायची?"

मी अभिमानाने सांगितले, की अजिबात नाही.

"मग हात कुठे घालणार? कार्डं चाळायची तर ती मागे कलली पाहिजेत. एवढी ठासून भरली तर एकही निघायचं नाही." आणि त्याने सरळ ताईकडे पाहिले. "वापरात आहेत ना ही?"

ताईने पेनाचे टोपण लावले. सुतारासमोर बोलावे की नाही, असा क्षणभर विचार तिने केलेला मला दिसला.

"ते याला विचारा," ती म्हणाली. "याने माझं थडगं मापात बसवलंय. चांगलं केलंय, पितळी कड्या आहेत. पण मी अजून लिहितेय रे."

शेवटचा 'रे' माझ्यासाठी होता. त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच तो मला सोसवला नाही.

मला ते पत्र आठवले. एकेका शब्दासह, ते मला पाठच आहे. पूर्णत्वास पोहोचले असल्याचे मानण्यात यावे. ज्या वाक्याची मी चौदा पानांत चिरफाड केली होती, त्याच वाक्याची मी तीन आठवडे अंगठ्याने दाबून दाबून अंमलबजावणी करीत होतो. मंडळाला इतका आज्ञाधारक माणूस दुसरा मिळाला नसता, आणि तोही बिनपगारी. त्या वाक्यात नसलेला कर्ता मला सापडला होता. तो ताईच्या खोलीत मोजपट्टी घेऊन उभा होता.

मी आराखडा उचलला आणि फाडायला लागलो. ताईने तो हातातून काढून घेतला. म्हणाली, पाठकोरा आहे, कामाला येईल.

नंतरचे बोलणे सुतार आणि ताई यांच्यातच झाले आणि मला विचारले तेवढ्यालाच मी उत्तर दिले. प्रत्येक खणात पंजाभर मोकळी जागा ठेवायची. सर्वांत वरचा खण ताईच्या खांद्याच्या वर जायचा नाही, सर्वांत खालचा तिला वाकायला लावायचा नाही; म्हणजे कपाट बुटके आणि लांबलचक होणार. सुताराने तिला उभे केले, खुर्चीत बसवले, हात पुढे करायला लावला आणि पट्टी तिच्या खांद्याला, कोपराला, गुडघ्याला लावून खुणा केल्या. माझ्या आराखड्यात कार्डे होती, अक्षरे होती, भिंत होती. खण उघडणारी बाई नव्हती. खणांची संख्या पस्तिसाच्या पुढे गेली. एवढे लांब कपाट तिच्या खोलीत मावणे शक्यच नव्हते.

मी म्हणालो, माझ्या खोलीत मावेल. मोठी खोली माझी आहे. प्राध्यापकाला मोठी खोली लागते, असे कधीतरी घरात ठरले होते आणि ते ठरवणाराही बहुधा मीच होतो.

"आणि तू?" ताईने विचारले.

"इथे. खोके गेल्यावर खाटेखाली चपला ठेवायला जागा होईलच."

"तू या खाटेवर? पाय बाहेर लोंबतील."

"लोंबू देत."

तिने माझ्या सदऱ्याच्या बाहीला लागलेली धूळ झटकली, तीही जरा जोरातच.

सुतार माझ्या खोलीतली भिंत पाहून परतला. आता एकच गोष्ट राहिली होती, आणि ती विचारताना तो पहिल्यांदाच अडखळला. कार्डे वर्षाला साधारण किती वाढतात, हे ताईने त्याला सांगितले होते : चारशेच्या आसपास, गुडघे दुखले नाहीत तर. मग पुढची किती वर्षे धरायची?

ताई खिडकीकडे पाहू लागली. तिने आकडा उच्चारण्याआधी तो मला उच्चारायचा होता.

"वीस," मी म्हणालो.

"अरे, सत्त्याण्णव वर्षांची होईन मी."

"मग काय? कमी पडलं तर दुसरं करून घेऊ."

ती मग सुताराकडे वळून, एखाद्या हट्टी धाकट्याबद्दल पाहुण्यापाशी सांगावे तशा आवाजात म्हणाली, "लिहून घ्या हो वीस. याच्याशी कोण वाद घालणार?"

सुताराने लिहून घेतले नाही. पट्टीच्या टोकाशी एक खूण केली आणि विचारले, पितळी कड्या ठेवायच्या की लाकडी मुठी. यावर आम्हा भावंडांचे अर्धा तास भांडण झाले.