सुमनच्या कपाळाचा पंचनामा

भरपाईचा अर्ज कुंकवाच्या एका टिकलीपायी परत आला, असं कुणी सांगितलं असतं तर नागुबाईनं त्याला वेड्यात काढलं असतं. पण कचेरीच्या कागदावर तसंच होतं. सून सुमन सातवी शिकलेली. तिनं कानडीतला तो कागद उंबऱ्यात बसून वाचला आणि मधेच थांबली.

"पुढं काय लिवलंय ते वाच की. जीभ का चिकटली?"

"आत्याबाई, लिवलंय की, चौकशीला गेलो तेव्हा बाईच्या कपाळावर कुंकू नि हातात हिरव्या बांगड्या आढळल्या. सबब नवरा हयात असावा, किंवा बाईनं दुसरं लग्न केलं असावं."

नागुबाईनं तोंडातली तंबाखू अंगणात थुंकली. "कोण गं हा लिवणारा? त्यानं डोळे गहाण टाकलेत काय?"

तिचा धाकटा लेक मारुती पंजाबात विजेचे मनोरे उभारायच्या कामावर होता. मागच्या उन्हाळ्यात अतिरेक्यांनी रस्त्यात बस अडवली, माणसं खाली उतरवली आणि गोळ्या घातल्या. मारुती त्यातच गेला. अग्नी तिकडंच दिला. त्याच्या सरदारजी मुकादमानं मनगटावरचं घड्याळ, मृत्यूचा दाखला आणि हिंदीतली चार ओळींची चिठ्ठी टपालानं पाठवली. चिठ्ठीत लिहिलं होतं, तुमचा मुलगा माझ्या घरी जेवलेला आहे. नागुबाईनं ती चिठ्ठी घड्याळासकट ट्रंकेत ठेवली होती.

बातमी आली त्या दिवशी शेजारची भागीरथी आणखी दोघींना घेऊन सुमनच्या बांगड्या फोडायला आली. रीतच होती ती. नागुबाई दारात आडवी आली. तिचा नवरा सत्याप्पा रेल्वेच्या कारखान्यात काम करता करता गेला, तेव्हा असल्याच बायकांनी तिची मनगटं पाट्यावर आपटली होती. काच रुतल्याचा वण अजून होता. पुढं दोन वर्षांनी वस्तीनं बुद्धाची दीक्षा घेतली, आणि ही रीत आपल्या घरातनं कायमची गेली असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. स्वतःचं कपाळ मात्र सवयीनं कोरंच राहिलं. सुमनचं कोरं होऊ द्यायचं नव्हतं. "माझा ल्योक गोळीनं मेला, ह्या पोरीनं काय गुन्हा केलाय?" असं म्हणून तिनं भागीरथीला आल्या पावली वाटेला लावलं होतं.

आता तेच कुंकू आडवं आलं होतं. भरपाई मिळाली तर सुमनच्या सहा वर्षांच्या लेकीची, शांताची शाळा सुटणार नव्हती आणि सुमनला लोकांच्या घरची भांडी घासायला लागणार नव्हतं. नाही मिळाली तर दोन्ही.

दुसऱ्या दिवशी दोघी शहर बसनं कचेरीत गेल्या. चौकशी करणारे मुकुंदराव कारकून खुर्चीत रेलून पान लावत होते.

"तुम्ही आमच्या घरात आला होता?" नागुबाईनं विचारलं.

"आत कशाला यायला पाहिजे? कोपऱ्यावर चहाच्या दुकानात बसलो होतो. बाई नळावर दिसली. सगळं डोळ्यांनी बघितलं."

"डोळ्यांनी बघितलं, तोंडानं काय विचारलं न्हाई. तोंडात पान असंल."

मुकुंदरावांनी पान खाली ठेवलं. माणूस दुष्ट नव्हता, आळशी होता. "हे बघा आजी, रागावू नका. विधवा म्हटल्यावर विधवेसारखं दिसायला नको? दोन मार्ग सांगतो. ह्यांनी कुंकू पुसून, बांगड्या काढून स्टुडिओत एक फोटो काढावा, तो मी जोडतो. न्हाई तर अर्ज तुमच्या नावानं करा. तुमचं कपाळ बघून कुणी शंका घेणार न्हाई. आईपण वारसच की. पैसे घरातच राहतील."

नागुबाईनं सुनेकडं बघितलं. सुमन फरशीकडं बघत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. एवढ्यावरूनच म्हातारीला कळलं. पोरीला भीती वाटत होती ती कारकुनाची नव्हती, सासूची होती. पैसे सासूच्या नावावर गेले की आपण ह्या घरात कोण? उद्या थोरल्या दिरानं हात पसरला तर सासू कुणाची?

नागुबाईला हे आधी लागलं, मग पटलं. तिनं स्वतः आपल्या सासूच्या मुठीतनं आठ आणे सुटायची वाट बघितली होती.

"मी पुसते, आत्याबाई," सुमन हळूच म्हणाली. "एका फोटोपुरतं तर हाय." तिनं पदर कपाळाकडं नेला.

नागुबाईनं तिचा हात मनगटाशी धरला. "खाली घे. आज फोटोला पुसशील, उद्या भागीरथी म्हणंल, सरकारनंच पुसलंय." आणि तशीच तिला ओढत ती तहसीलदारांच्या खोलीत शिरली. शिपाई मागनं ओरडत राहिला.

तहसीलदार चाळिशीतले, धारवाडकडचे. "कूडरी अज्जी," म्हणत त्यांनी खुर्ची दाखवली. नागुबाई बसली नाही.

"बसायला न्हाई आले, साहेब. ही सुमन, माझी सून. माझ्या पोराला अतिरेक्यांनी मारलं. तुमचा माणूस लिवतोय, हिच्या कपाळाला कुंकू हाय म्हणून माझा ल्योक जित्ता हाय. असं हाय व्हय?"

मुकुंदराव फाईल घेऊन मागोमाग आले. "साहेब, मी फक्त दिसलं ते लिहिलं."

त्या दिवशी शुक्रवार होता. कपाटावरच्या लक्ष्मीच्या तसबिरीची नुकतीच पूजा झाली होती, खाली ताटलीत कुंकवाचा करंडा होता. नागुबाईनं सरळ जाऊन करंड्यात बोट बुडवलं. "आजी, पूजेचं हाय ते!" मुकुंदराव कळवळले.

"देवी तुमची, कुंकू बाजारातलं," ती म्हणाली, आणि तीस वर्षांच्या कोऱ्या कपाळावर तिनं रुपयाएवढा टिळा ओढला. मग मेजापुढं येऊन उभी राहिली.

"आता लिवा, मुकुंदराव. सत्याप्पा मागारी आला. रेल्वेला कळवा, तीस वर्षांचा पगार धाडा म्हणावं."

शिपाई दारातच हसला. तहसीलदारांनी ओठ दाबून धरले, पण खांदे हलत होते. मुकुंदराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागले.

हसू ओसरल्यावर तहसीलदारांनी फाईल उघडली. पान उलटलं, आणखी एक उलटलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. "मुकुंदराव, पंजाबचा मृत्यूचा दाखला इथं आहे. शिक्क्यासकट. हा वाचला होता?"

"तो… खाली होता, साहेब."

"कुंकू वर होतं, म्हणून तेवढंच वाचलं." त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि सुमनकडं वळले. "बाई, तुम्हीच सांगा. पुन्हा लग्न केलंय का?"

सुमनच्या आधी नागुबाई बोलणार होती. पहिल्यांदाच तिनं जीभ आवरली.

"न्हाई केलं, साहेब," सुमन म्हणाली. आवाज बारीक होता, पण सरळ.

"आणि करंल तवा करंल," नागुबाईला राहवलं नाही. "तिचं ती बघंल. पोर मारुतीची हाय ती हायच. पैसं हिच्याच नावानं. माझं नाव कुठं घालू नका, थोरल्याचंबी नको."

सुमननं मान वर करून सासूकडं बघितलं. तहसीलदारांनी जबाब स्वतःच्या हातानं लिहून घेतला. सुमननं सही केली, नागुबाईनं साक्षीला अंगठा दिला. मुकुंदरावांचा शेरा लाल शाईनं रद्द झाला. खाली मंजुरीची सही पडली. "महिन्याभरात बँकेत जमा होईल," तहसीलदार म्हणाले. "पोरीला शाळेतनं काढू नका."

"काढायला मी काय कारकून हाय?"

बाहेर लिंबाखाली आल्यावर नागुबाई पारावर टेकली. वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यागत तिला लांब श्वास आला. मारुती गेला ते गेलाच होता, पण निदान तो मेलाय हे आता सरकारनं मान्य केलं होतं, आणि त्यासाठी कुणाला विद्रूप व्हावं लागलं नव्हतं.

उन्हानं घाम सुटला होता. टिळा नाकावर ओघळला होता. सुमन पदर भिजवून आली. "आत्याबाई, पुसू का?"

नागुबाईनं क्षणभर विचार केला. बस केशवापुरावरनं, त्यांच्या वस्तीजवळनं जाणार, नळावर भागीरथी असणार.

"ओघळलंय तेवढंच पूस," ती म्हणाली. "वरचं नीट गोल कर. वाकडं राहिलं तर लोक हसतील."