एकतीस-तीनची मोरी

तेहतीस वर्षं मी महामार्गावर मुकादम होतो. सोनईकडे वळायच्या फाट्यापासून पुढचे बावीस किलोमीटर माझ्या गँगकडे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी रस्त्याखालून पाणी काढणारी कुठली मोरी कधी तुंबते ते झोपेतून उठवून विचारा, सांगेन. म्हणून पुलांची यादी तपासायला सल्लागार कंपनीच्या दिशा मॅडम आल्या, तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी माझंच नाव पुढं केलं. मला बरं वाटलं, उगाच कशाला लपवू.

काम साधं होतं. यादीत मोऱ्या आणि पूल मिळून सदतीस. प्रत्येकापाशी गाडी थांबवायची, कठड्यावरचा नंबर वाचायचा, टेप लावायचा, फोटो काढायचा आणि टॅबमध्ये 'आहे' किंवा 'नाही' लिहायचं. रस्त्याचं मोठं काम निघालंय. जी मोरी 'आहे' तिची नुसती डागडुजी होणार, जिथं 'नाही' तिथं नवी बांधणार.

"संध्याकाळी यादी पाठवली की संपलं, काका," मॅडम म्हणाल्या. "पुढची दहा वर्षं कुणी विचारणार नाही."

मी मान डोलावली. एकतीस-तीन नावाची मोरी जागेवर नाही, हे त्या गाडीत मला एकट्याला माहीत होतं.

एकतीस-तीन म्हणजे एकतिसाव्या किलोमीटरमधली तिसरी. पाइपची जुनी मोरी होती. नऊ वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला, तेव्हा ठेकेदाराच्या माणसांनी तिच्यावर भराव टाकला आणि ती गाडून मोकळे झाले. दोन दिवसांनी मोठे साहेब पाहणीला येणार होते. आमचे धाकटे साहेब म्हणाले, "मुकादम, यादीतला एकही नंबर कमी दिसता कामा नये. कसं करायचं ते तुम्ही बघा." माझ्या हातात रंगाचा डबा होता. मोरीला दोन कठडे असतात, रस्त्याच्या या अंगाला एक, त्या अंगाला एक, आणि दोन्हींवर एकच नंबर लिहायचा असतो. मी एकतीस-दोनच्या डाव्या कठड्यावर दोन लिहिलं आणि उजव्यावर तीन. मधे दुभाजकावर पुरुषभर कण्हेर. जाताना साहेबांनी दोन वाचला, येताना तीन वाचला. यादी जुळली. माझी पाठ थोपटली गेली, आणि तेव्हापासून जो येतो तो जाताना दोन वाचतो आणि येताना तीन.

मॅडमनीही तेच केलं. जाताना छत्तीस नंबर मिळाले. "एकतीस-तीन कुठंय?" त्यांनी दोनदा विचारलं.

"येताना दिसंल," मी म्हणालो.

येताना दिसला. पांढऱ्यावर काळा, माझ्याच हातचा. मॅडमनी फोटो काढला आणि टॅबकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "काका, टॅबचा नकाशा तर ही जागा एकतीस-दोनचीच दाखवतोय."

"वरून मोठ्या लायनीच्या तारा गेल्यात न्हवं, मशीन चुकतंय," मी म्हणालो. एवढी थाप कशी सुचली कोण जाणे.

"तुम्हाला रस्ता पाठ आहे म्हणून बरं," त्या हसल्या आणि 'आहे' लिहिलं. माझ्या छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं. उतरलं नाही.

तेवढ्यात बांधावरून एक बाई भराभर चालत आल्या. झुंबरबाई. त्यांचं पावणेदोन एकर रान तिथून तीनशे पावलांवर, रस्त्याला लागूनच, खरी एकतीस-तीन होती तिथं. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद.

"पुलाच्या साहेब तुमीच का?" त्यांनी मॅडमना विचारलं. "दर पावसाळ्याला माझ्या रानात गुडघाभर पानी साचतं. कांदा समदा सडतो. तीन अर्ज केले. तिन्ही बारीला ह्योच कागद आला."

मॅडमनी कागद वाचला. नोंदीनुसार सदर ठिकाणी मोरी अस्तित्वात आहे, तरी शेतकऱ्यानं आपल्या बाजूचं तोंड साफ ठेवावं, असं त्यात होतं.

"मग केलंत का साफ?" मॅडमनी विचारलं.

"तोंड गावंल तर करीन ना!" झुंबरबाई म्हणाल्या. "दर उन्हाळ्यात मी न् माझी सून भरावाच्या कडंनं खांदतो. औंदा एका जागी कमरंइतकं गेलो. कागदात हाय म्हंजी आसनारच की. आमालाच गावंना." मग त्यांनी मला ओळखलं आणि चेहरा उजळला. "आवो, मुकादम! तुमाला तर म्हाईत आसंल. तेवढं तोंड कुठं हाय ते दावा, बाकीचं आमी बगतो."

ते खड्डे मी पाहिले होते. दरवर्षी पाहिले होते. झाडं लावायची असतील म्हणून मोटारसायकल पुढं काढली होती. मला माझीच लाज वाटली, अशी की मान वर होईना.

"न्हाई तिथं काई, बाई," मी म्हणालो. "मोरी गाडली. नऊ वर्सं झाली. ह्यो नंबर म्याच खोटा घातलाय. मॅडम, मशीन बरोबर हाय. ते 'आहे' खोडा."

मॅडमनी टॅबमध्ये खोडलं. "काका, हे असं नाही चालणार. नंबर कुणी घातला ते मला लिहावं लागेल. तुमचा जबाब, सहीसकट."

"लिवा," मी म्हणालो. "अमृत, मुकादम. माझंच नाव लिवा. कुनी सांगितलं ते मागनं इचारा, हात माझा हुता."

त्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं, मी सही केली. तेहतीस वर्षांच्या नोकरीत एक मेमो नव्हता मला. आता चौकशी लागेल, ज्या ऑफिसात खुर्ची पुढं करायचे तिथं उभं राहावं लागेल. राहीन.

झुंबरबाई शिव्या देतील असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या कठड्याला टेकल्या.

"मी खांदत आसायचे तवा तुमी वरून जायचे," त्या म्हणाल्या. "राम राम घालायचे मला."

"व्हय."

त्यांनी कागद पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली. मग माझ्याकडे नाही, मॅडमकडे पाहून विचारलं, "मंग आता खांदायचं न्हाई ना?"

"नाही, मावशी," मॅडम म्हणाल्या. "आता खणू नका."

"सुनंला सांगते," झुंबरबाई म्हणाल्या आणि बांधाला लागल्या. "ती सकाळधरनं खड्ड्यातच हाय."