न मुरलेला गोळा

सुगीचा अकरावा दिवस. कोस्तानाय शहराजवळच्या आमच्या धान्यकोठारापुढची गव्हाच्या ट्रकांची रांग काही संपत नव्हती. माझे पाय सुजले होते. प्रयोगशाळेत आम्ही दोघीच, मी आणि आमची प्रमुख काम्शात आपाय, म्हणजे काम्शातताई.

प्रत्येक ट्रकमधला थोडा गहू दळायचा, पिठाचा गोळा मळून वीस मिनिटं मुरू द्यायचा, मग नळाखाली हातानं धूत राहायचं. शेवटी उरतो तो चिकट लगदा तोलायचा. त्यावरून गव्हाची प्रत ठरते; लगदा जितका जास्त, तितका गहू चांगला.

आपायच्या नोंदवहीत बावीस वर्षांत एक खाडाखोड नाही. मोठे साहेब पाहुण्यांना ती वही कौतुकानं दाखवतात. चूक झाली की आपाय अख्खं पान फाडून नवं लिहून घेते, हे फक्त आम्हाला ठाऊक. मीही लिहिलीत तशी पानं.

त्या दुपारी तिनं सैतकाली या शेतकऱ्याच्या गव्हाचा गोळा मळला आणि मुरू न देता तसाच नळाखाली धरला. मी पाहिलं, पण तोंड उघडायचाही कंटाळा आला होता. आकडा आला एकोणीस. तिनं तो वहीत मांडला.

सैतकाली खिडकीशी आला. "आपाय, एकोणीस? काल ह्याच शेताचा पंचवीस होता की! आता कोंबड्यांच्या खाद्याच्या ढिगात ओतू होय?"

"आकडा म्हणजे आकडा. गाडी पुढं घे."

तो गेला. मग तिचं लक्ष घड्याळाकडे गेलं आणि चेहरा उतरला.

"झाउरेश, मळल्याची वेळ वीस मिनिटं आधीची टाक."

"आपाय, तो गोळा मुरलाच नाही."

"मला शिकवतेस? टाक म्हणते ना!"

"गाडी रिकामी झाली की संपलं. त्या ढिगातून त्याचा गहू परत निघायचा नाही. तुम्हीच टाका वेळ, मी नाही टाकणार." ओरडायचं त्राणही नव्हतं मला.

ती पाण्यानं सुरकुतलेल्या आपल्या बोटांकडे बघत बसली. मग एकदम खिडकीतून ओरडली, "सैतकाली! थांबव रे ती गाडी!"

राखून ठेवलेला नमुना दळून पुन्हा गोळा मळला. पुरती वीस मिनिटं मुरू दिला, मग धुतला. बाहेर हॉर्नचा नुसता कल्ला. आकडा आला पंचवीस.

तिनं वही माझ्याकडे सरकवली. "खोड तू. माझ्यानं नाही व्हायचं."

मी एकोणीस खोडला. रेघ वाकडी गेली. तिनं वही ओढून पानाचा कोपरा चिमटीत धरला. आता फाडणार, असं वाटलं. मला तिची कीव आली आणि स्वतःची लाज.

तिनं कोपरा सोडला. पट्टी घेऊन माझ्या रेघेवर सरळ रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, "चूक माझी." खाली सही केली.

"पुढचा नमुना आण," ती म्हणाली. "आणि ते घड्याळ माझ्यासमोर ठेव."