भूमिदेवाचे पेट्रोल

दर रविवारी दुपारी बारा वाजता टीव्हीवर पुढच्या आठवड्याचा पेट्रोलचा भाव जाहीर होतो. भाव वाढणार असला की साडेबारापर्यंत नानतोऊ जिल्ह्याच्या डोंगरातल्या एका लहानशा गावातली झाडून सारी वाहने एकुलत्या एका पंपावर येऊन धडकतात. नवा भाव लागू होतो तो मध्यरात्री, पण तेवढा धीर कुणाला? टाकीत जेमतेम दोन लिटर मावणार असले तरी तासभर रांगेत उभे राहायचे, तासभर इंजिन चालूच ठेवायचे, जेवढे वाचवायचे त्याहून जास्त जाळायचे आणि सरकारच्या नावाने बोटे मोडत घरी जायचे, असा तिथला रविवारचा ठरलेला कार्यक्रम.

त्या रविवारी लिटरमागे दीड युआनची वाढ झाली होती, आणि तीही ओळीने पाचवी. रांग पार सुपारीच्या टपरीपर्यंत गेली होती. मात्र लोकांच्या नजरा पंपाकडे नव्हत्या, समोरच्या भूमिदेवाच्या देवळाकडे होत्या. तिथे लाल कापड घातलेले टेबल होते, टेबलावर बाटल्यांची रास होती आणि राशीमागे पिवळ्या झग्यातले चेंग गुरुजी हातात ध्वनिक्षेपक घेऊन उभे होते.

"पेट्रोल कुठून निघतं?" गुरुजी ओरडले.

"जमिनीतून!" गर्दी म्हणाली.

"आणि जमीन कुणाची?"

"भूमिदेवाची!"

"मग मालकाला न विचारता त्याचं तेल पिढ्यान्‌पिढ्या जाळताय, लाज वाटते का? भाव का वाढतो, आता कळलं? देव भाडं मागतोय, भाडं! त्याला त्याचं द्या, मग तुमचं एक लिटर तीन लिटरचं काम करील. बाटली सहाशे युआन. देवासाठी! मला नको, मी तर हवेवर जगतो."

हवेवर जगणाऱ्या गुरुजींचे पोट झग्यात मावत नव्हते. गेल्या साली हेच गुरुजी खालच्या गावात टकलावर केस उगवणारे तेल विकत होते म्हणतात. तेल तेच असावे, फक्त डोक्यावरून टाकीत आले एवढेच.

पंपावर नळी धरून उभी असलेली लाय मेइचू हे सारे ऐकत होती आणि तिच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती. बावीस वर्षे ती या पंपावर पेट्रोल भरत होती. गुरुजींची थापेबाजी तिने एरवी कानाआड केली असती. पण आज त्या थापेला तिचाच हात लागला होता.

झाले होते असे. सकाळी नऊ वाजता गुरुजींचा चेला स्कूटर घेऊन पंपावर आला. चाळिशीचा माणूस, चेहऱ्यावर भक्ती अशी थापलेली की उन्हात ओघळेल. त्याने पन्नास माणसांदेखत स्कूटर मेन स्टँडवर सरळ उभी केली आणि म्हणाला, "ताई, पार गळ्यापर्यंत भरा. हळूहळू, अगदी काठोकाठ." मेइचूने भरली. मग टाकीत गुरुजींची बाटली रिकामी झाली, म्हणजे सगळ्यांना तसे दिसले, कारण गुरुजींचा झगा मध्ये होता. चेला डोंगरापलीकडच्या तळ्यापर्यंत जाऊन परत आला, जाऊन-येऊन पुरे साठ किलोमीटर. मागे गावातलेच दोघे मोटारीतून फोनवर चित्रण करत गेले होते, तेव्हा त्यात लबाडीला जागा नव्हती. आता बारा वाजून गेल्यावर तो परतला होता. पुन्हा मेइचूने नळी लावली, खटका पडून पंप आपोआप बंद झाला, आणि काट्यावर आकडा होता लिटरचे चाळीस शतांश. साठ किलोमीटरला अर्धा लिटरही नाही!

"बस्स!" चेल्याने लगेच हात वर केला. "देवाच्या कामात एक थेंबही जास्त नको."

"विचारा त्या बाईंना!" पलीकडून गुरुजी गरजले. "सकाळी कुणी भरलं? आत्ता कुणी भरलं? त्या काही माझ्या मावशी नाहीत!"

शंभर माना मेइचूकडे वळल्या. खोटे कसे बोलणार? "मीच भरलं," ती म्हणाली, आणि लोकांनी रांग मोडून टेबलाकडे धाव घेतली.

त्या धावणाऱ्यांत सगळ्यांत पुढे होता तिचा थोरला भाऊ, जिनफा.

जिनफा टॅक्सी चालवायचा. आठवड्यातून तीन दिवस तो वरच्या वस्तीतल्या तीन म्हाताऱ्यांना डायलिसिससाठी तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचा. रस्ता असा की एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. म्हाताऱ्यांकडून जास्त भाडे मागायला त्याची जीभ रेटत नसे, आणि पेट्रोल तर दर आठवड्याला वर चढे. बिचारा कातावला होता. दोन बाटल्या काखेत मारून तो पंपावर आला. टॅक्सीत मागच्या सीटवर खिम आजी बसल्या होत्या, त्या तिघांतल्याच एक. रविवारच्या भाजीसाठी तो त्यांना खाली घेऊन आला होता.

"मेइचू, पेट्रोल भर. मग वरून ही ओततो."

"दादा, काय आहे त्यात?"

"देवाच्या उदबत्त्यांची राख. आणि मंतरलेलं पाणी."

"पाणी? पेट्रोलमध्ये पाणी? उद्या सकाळी वळणावर गाडी बंद पडली तर?"

"तुझ्या हातानं भरलंस ना गं? काटा तू पाहिलास, मी पाहिला. आता कशाला फाटे फोडतेस? तुझं काय, तुला पंपवाले पगार देतात! भाव वाढला काय नि पडला काय!"

हे मात्र तिला झोंबले. तिने नळी खाली ठेवली आणि त्या स्कूटरकडे पाहिले. पंपाच्या कडेला ती आता देवासारखी सजून उभी होती, हँडलला लाल फडके, पुढे उदबत्ती. पेट्रोल पंपावर उदबत्ती! मेइचूने आधी ती विझवली. मग तिला दिसले ते एवढेच की स्कूटर कलली होती.

सकाळी ती मेन स्टँडवर ताठ होती. आता साइड स्टँडवर होती, डाव्या अंगाला झुकलेली, आणि आता भरली तीही तशीच झुकलेली असताना. बावीस वर्षांत मेइचूने लाखभर टाक्या भरल्या असतील. कललेल्या स्कूटरचा खटका लवकर पडतो हे तिच्या मनगटाला ठाऊक होते. फक्त आजवर मनगटाने ते डोक्याला सांगितले नव्हते.

"ओ गुरुजी!" ती ओरडली. "ही टाकी भरली ना?"

"काठोकाठ! सगळ्यांनी पाहिलंय!"

"मग आणखी एक थेंबही मावायचा नाही?"

"कसा मावेल? देवाचं काम आहे ते!"

मेइचूने स्कूटरला पायाचा रेटा दिला आणि ती मेन स्टँडवर सरळ उभी केली. चेला "अहो ताई, अहो, हात लावू नका" करत धावला, पण तोवर नळी टाकीत गेली होती. काटा फिरू लागला. दहा शतांश. तीस. पन्नास. गर्दी काट्याकडे सरकली. मेइचू सकाळसारखीच हळूहळू, गळ्यापर्यंत भरत राहिली. काटा थांबला तो नव्वदवर.

"भरलेल्या टाकीत हे नव्वद शतांश कुठं गेलं?" मेइचू म्हणाली. "स्कूटर तर उभ्या जागेवरून हललीसुद्धा नाही. उभ्या उभ्या प्यायली का? आता मघाचे चाळीस त्यात मिळवा. एक लिटर तीस शतांश. साठ किलोमीटरला तुमची-माझी स्कूटर किती पिते?"

"तेवढंच," रांगेतला एक टोस्टवाला पुटपुटला. "च्यायला, तेवढंच की!"

"सकाळी ताठ उभी करून गळ्यापर्यंत भरली. दुपारी कलती ठेवून पहिल्या खटक्याला हात वर केला. बाटलीत काही नाही हो. सगळी जादू या स्टँडच्या दांडीत आहे!"

गुरुजी एवढ्याने हटणारे नव्हते. ध्वनिक्षेपक तोंडाशी नेऊन ते किंचाळले, "बाईचा हात लागला! मंत्र भंगला!"

"सकाळी याच हातानं भरलं तेव्हा बरा चालला मंत्र!"

तेव्हा पहिल्यांदा गर्दी हसली. थापाड्याला शिव्या चालतात, हसणे चालत नाही. गुरुजी बाटल्या खोक्यात भरू लागले, आणि टोस्टवाल्याच्या पुढाकाराने लोक पैसे परत मागायला टेबलाला भिडले. चेला स्कूटर न्यायला आला, तेव्हा मेइचूने त्याच्यापुढे तळहात धरला. "नव्वद शतांशाचे पैसे ठेवा आणि मग जा. देवाच्या कामात थेंबही फुकट नको." त्याने मुकाट्याने दिले.

जिनफा मात्र बाटल्या काखेत घेऊन तिथेच उभा होता. चार माणसांत धाकट्या बहिणीने शहाणपण शिकवले, हे त्याला गिळवत नव्हते.

"स्टँडचं खरं असेल," तो म्हणाला. "पण राखेनं थोडाफार तरी गुण येत असेल. ओतून बघायला काय जातं?"

मेइचूने पंपावरची काचेची बरणी घेतली, तिच्यात थोडे पेट्रोल घेतले आणि भावाच्या काखेतली एक बाटली काढून वरून ओतली. काळे पाणी सरळ तळाशी जाऊन बसले. पेट्रोल वर स्वच्छ राहिले.

"दादा, इंजिन पेट्रोल ओढतं ते टाकीच्या तळातून. उद्या कड्याच्या वळणावर त्याच्या तोंडात हे काळं पाणी येईल. मागं तीन माणसं असतील."

टॅक्सीची काच खाली झाली. खिम आजी डोके बाहेर काढून म्हणाल्या, "जिनफा, मला तुझ्या गाडीत का बसावं लागतं, ठाऊक आहे?"

"किडन्या गेल्या म्हणून, आजी."

"त्या कशानं गेल्या? गुडघे दुखत होते. रेडिओवर एक माणूस रोज गोड गोड बोलायचा, 'माय, ही पुडी घे, देवाची वनस्पती आहे.' मीही तुझ्यासारखीच म्हणाले, घेऊन बघायला काय जातं. चार वर्षं घेतली. गुडघे दुखायचे थांबले बरं का. मग लघवीच थांबली." आजींनी टॅक्सीच्या दारावर थाप मारली. "तुझी टाकी धुता येईल रे बाबा. माझी नाही धुता येत."

जिनफाने काखेतली दुसरी बाटली काढली. मग तीही बहिणीच्या हातात दिली.

"पण मी करू तरी काय?" तो म्हणाला. "उद्या भाव वाढणारच ना?"

"वाढणारच. तो तुझ्या राखेनं उतरत नाही आणि माझ्या बडबडीनंही नाही. तीन म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेतोस, तर त्या गाडीच्या भाड्याला मदत द्या म्हणून तालुक्याला अर्ज का करत नाहीस? मी लिहिते, आजी अंगठा देतील."

"अंगठा कशाला?" आजी फणकारल्या. "सही येते मला!"

"आणि आधी गाडी इकडं घे."

पंपाच्या कोपऱ्यात चाकांत हवा भरायची नळी होती. हवा फुकट. गुरुजींच्या टेबलापासून रस्ता ओलांडून वीस पावलांवर. मेइचूने पहिल्या चाकाला हवेचा दाब मोजायचे यंत्र लावले, मग दुसऱ्या, मग उरलेल्या दोन्हींना. चारही चाके मऊ, हवी त्याच्या दोन तृतीयांश हवा. अशा चाकांवर ओझ्याची गाडी चढावर ओढायची म्हणजे पेट्रोल रस्त्यावर सांडत जाण्यातलाच प्रकार.

"शेवटची हवा कधी भरलीस?"

जिनफाला आठवेना.

भाव वाढल्याचा राग खरा होता आणि रास्तही होता. राग असावाच. पण ज्याच्या हातात भाव आहे त्याला जाब विचारायचे सोडून माणसे आपला राग सहाशे युआनसकट पिवळ्या झग्याच्या पायाशी ठेवतात, आणि ज्या नळीजवळून बावीस वर्षे जातात तिला कधी हात लावत नाहीत. चमत्कार दिसला की आधी तो ताठ उभा आहे की कललेला, एवढे तरी वाकून बघावे. त्याला ना पैसे पडत, ना मंत्र लागतो.

जिनफा गुडघ्यावर बसला आणि पहिल्या चाकात हवा भरू लागला. रांगेत परतलेल्या टोस्टवाल्याने इंजिन बंद केले, स्कूटर ढकलत आणली आणि त्याच्या मागे उभा राहिला.