खुंट्याला बांधलेला आकडा

मी एक जुना सेल आहे, मित्रांनो. स्प्रेडशीटच्या पानावरचं नखाएवढं घर, पत्ता बी-एक. माझ्या पोटात एकच आकडा असतो. प्राण्याच्या दर किलो वजनामागे औषध किती मिली द्यायचं, तो.

माझा जन्म एका पशुवैद्य बाईंच्या दवाखान्यात झाला. पुढे दोन खोल्या आणि मागे बेवारशी कुत्र्यामांजरांचा निवारा. थोरली बहीण डॉक्टर, धाकटी निवारा सांभाळते. मला थोरलीने घडवलं. प्रत्येक प्राण्याच्या वजनाला माझ्या आकड्याने गुणून औषध काढणारं सूत्र एकदाच लिहायचं आणि यादीभर खाली ओढायचं. पण सूत्र ओढलं की त्याची नजरही एकेक घर खाली घसरते. ती माझ्यावरच टिकावी म्हणून माझ्या पत्त्यातल्या अक्षराआधी आणि आकड्याआधी डॉलरचं चिन्ह लावतात. दोघी बहिणी त्यांना खुंटे म्हणतात. नाव डॉलरचं असलं, तरी दमडीशी माझा कधी संबंध आला नाही.

या खुंट्यांचं मला फार कौतुक आहे. औषधाची जास्त कडक बाटली आली की डॉक्टरबाई फक्त माझ्यातला आकडा बदलत आणि अख्खी यादी आपोआप सुधारे. तेव्हा दोघी माझं तोंडभरून कौतुक करत. पुढे सवय झाली आणि माझी विचारपूस थांबली. चाललंय ते ठीक चाललंय म्हटल्यावर कोण कशाला बघतो?

एकदा पडक्या गोदामातून जंतांनी पोखरलेली पिल्लं आली. धाकटीने घाईघाईत नवी यादी केली, सूत्र लिहिलं, पण खुंटे ठोकायला विसरली. पहिली ओळ कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिली, बरोबर निघाली, आणि बाईसाहेब निर्धास्त झाल्या. माझ्या खालच्या घरात, पिल्लं ज्या टोपलीत ठेवून तोलतात, तिचं वजन लिहिलेलं असतं. दुसऱ्या ओळीचं सूत्र त्यालाच औषधाचं प्रमाण समजून बसलं. मला सगळं दिसत होतं, पण सेलला तोंड कुठलं? माझा जीव टांगणीला लागला.

डॉक्टरबाईंचा एक नियम होता. यादी शेवटपर्यंत मोठ्याने वाचल्याशिवाय सिरिंज भरायची नाही. धाकटी त्याला शाळेतली हजेरी म्हणून हसायची. त्या दिवशीही ती कुरकुरली, की पिल्लं केकाटतायत आणि तुझं आपलं वाचनच चाललंय. थोरली बधली नाही. मग धाकटीने वाचायला सुरुवात केली.

“पहिल्याला पॉइंट चार. दुसरीला एक.”

दुसरी, म्हणजे सगळ्यांत मरतुकडी पिल्ली, डॉक्टरबाईंच्याच हातात होती.

“थांब,” त्या म्हणाल्या. “ही माझ्या ओंजळीत मावते. हिला त्या पहिल्या दांडग्याच्या दुपटीहून जास्त?”

धाकटीने पुढच्या ओळी पाहिल्या. त्यांची सूत्रं आणखी खालच्या रिकाम्या घरांकडे बघत होती, म्हणून तिथे नुसती शून्यं होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“ताई, मारलं असतं गं मी हिला.”

“मारलं नाहीस ना? वाचलंस म्हणून कळलं. आता खुंटे ठोक आणि पहिल्यापासून वाच.”

ना आरडाओरडा, ना टोमणा. अशी माणसं मला फार आवडतात. धाकटीने डोळे पुसले, सूत्र दुरुस्त केलं आणि प्रत्येक ओळ सावकाश वाचली. मग त्या पिल्लीला तिच्या वाटचं थेंबभर औषध मिळालं. महिनाभरात ती चांगली गुबगुबीत झाली आणि माउसची वायर कुरतडायला लागली. शेजारच्या शिंपीणबाई तिला घरी घेऊन गेल्या, तेव्हा यादीतली तिची ओळ पुसली गेली. इथल्या ओळी अशाच येतात आणि घरी जातात. मी आपला जागच्या जागी असतो.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. सूत्र ओढण्याआधी खुंटे ठोका. आणि पहिली ओळ बरोबर आली म्हणून उठू नका. दुसऱ्या ओळीतही कोणीतरी श्वास घेत असतं.