भासऱ्यांच्या गच्चीवरचा दवाखाना

हरीओमच्या मुलीचं बारसं झालं ते साल २०२३. बारशात सगळ्यांनी जेवणावर ताव मारला. हरीओमची आई कस्तुराबाई मात्र साधं वरण गिळतानाही डोळ्यांत पाणी आणत होती. तिच्या गालाच्या आतल्या बाजूला, जिथे ती तंबाखू धरायची तिथेच, पांढरा चट्टा पडला होता आणि दिवाळीपासून तो काही केल्या हटत नव्हता.

गावातली नर्स राखी म्हणाली, "आजी, मोबाइलवर नागपूरच्या डॉक्टरीणबाईले दाखवू."

"अन् नाडी कोन पाहीन? नागपूरहून हात पोचते का?"

"नाडी राहू द्या. तोंड दाखवा."

पण रिठद गावात कस्तुराबाईच्या आळीला रेंज मिळायची ती फक्त जगदेवांच्या गच्चीवर. जगदेव हे कस्तुराबाईचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी लग्नापासून तिने भासऱ्यांना तोंड दाखवलं नव्हतं, की सरळ शब्द टाकला नव्हता. काही सांगायचं झालं तर ती भिंतीला सांगे, आणि भासरे भिंतीकडून ऐकून घेत.

गच्चीवर राखीच्या एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात जीभ दाबायची पट्टी. मोबाइल धरायला जगदेवांशिवाय कोणी नव्हतं. त्यांनी पाठ फिरवली आणि मोबाइल खांद्यावरून मागे धरला.

"मला कान दिसतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्रास कानाचा आहे का?"

"कान माहा हाय," जगदेव म्हणाले. "त्याले काई नाही झालं."

राखीने त्यांना वळवलं. ते वळले, पण डोळे मिटून.

"आता पाण्याची टाकी दिसते."

"आबा, डोये उघडा न!"

"भावसुनेचं तोंड पायलं तं लोक काय म्हनतीन, पोरी?"

"लोक खाली हायेत. वर कोनी नाही."

"वर देव हाय."

"मंग देवालेच धरू द्या मोबाइल!"

कस्तुराबाई पदराआड घामेजली. तिच्या चुलत जावेच्या गालात असाच चट्टा पडला होता आणि ती वर्षभरात गेली होती. इथे तर नातीचं आत्ता कुठे नाव ठेवलेलं. बोलायला तिने भिंत शोधली. गच्चीला साधा कठडाही नव्हता. मग ती थेट भासऱ्यांवरच कडाडली,

"डोये उघडा अन् नीट धरा! मले मराचं नाही अजून!"

जगदेवांचे डोळे आपोआप उघडले. तिने पदर मागे टाकला आणि आ वासला.

"अवं, दात तं सारे साबूत हायेत तुह्ये!" ते चकित होऊन म्हणाले. "मले वाटे तू बोळकी हायेस, म्हून बोलत नाहीस."

डॉक्टरीणबाईंनी नीट पाहिलं. "लवकर आलात. याच आठवड्यात अकोल्याला जाऊन तपासून घ्या. तंबाखू आजपासून बंद. आणि आजोबा, मघाशी कानाबरोबर तुमचा गालही दिसला. काय आहे तोंडात?"

"खर्रा. तंबाखू-सुपारीचा."

"थुंका आणि तुम्हीही दाखवा."

कस्तुराबाईने मोबाइल आपल्या हातात घेतला. "दाखवा. म्या नाही दाखवलं?"

"भावसुनेसमोर आ करू? लाज हाय मले!" म्हणत जगदेव जिना उतरून गेले. ती वरून ओरडत राहिली आणि खाली जमलेले लोक हसत राहिले.

कस्तुराबाईचं ऑपरेशन अकोल्यात झालं. ती बरी झाली, तिखटही खाऊ लागली. भासऱ्यांना मात्र ती रोज तोंडावर शिव्या घालायची, आणि ते रोज म्हणायचे, "उद्या जातो."

जगदेव २०२५ साली, पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी, तोंडाच्या कॅन्सरने वारले.